हौसेचे मोल

‘हौसेला मोल नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घरात लग्नकार्य निघाले, गावात नाटक बसले किंवा उत्सवात आरास करायची ठरली, की खर्चाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला गप्प करण्यासाठी ही म्हण फार उपयोगी पडते. परंतु श्रोतेहो, त्या हिशेबी माणसावर थोडा अन्यायच होतो. हौसेला मोल असतेच. ते कोणी तरी मुकाट्याने भरलेले असते, म्हणून दिसत नाही इतकेच. आज आम्ही ज्या फुटबॉल क्लबाची हकिगत सांगणार आहोत, त्या क्लबाने हे मोल दीडशे वर्षे भरले, आणि एके दिवशी आपल्या सभासदांना एकत्र बोलावून ते पुढे भरायचे की नाही, असे स्पष्टपणे विचारले. या क्लबाचे नाव क्वीन्स पार्क. तो स्कॉटलंडातील ग्लासगो शहराचा.

कोणत्याही नामांकित क्लबाचे पाठीराखे दोन गोष्टींचा अभिमान मिरवितात. ‘आमचा संघ असा खेळतो’ ही पहिली, आणि ‘आमचा क्लब अमुक गोष्ट कदापि करणार नाही’ ही दुसरी. पहिला अभिमान शैलीचा आणि दुसरा तत्त्वाचा. हे दोन्ही अभिमान सामान्यतः एकाच श्वासात बोलले जातात, आणि ते एकाच झाडाची फळे आहेत असे ऐकणाऱ्यालाही वाटते. क्वीन्स पार्कच्या इतिहासात मात्र या दोहोंच्या वाटा फार लवकर फुटल्या. शैली जगभर गेली, आणि तत्त्व घरीच राहिले. म्हणून या प्रश्नाचा विचार करायला याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडले नाही.

९ जुलै १८६७ रोजी ग्लासगोच्या दक्षिण भागातील एका घरात काही तरुण संध्याकाळी जमले. त्यांच्यापैकी बरेच जण उत्तर स्कॉटलंडातून पोटापाण्यासाठी शहरात आलेले होते. जवळच्या बागेत ते मोकळ्या वेळी खेळत असत. त्या खेळाला रीतसर मंडळाचे रूप द्यावे, असे त्या सभेत ठरले. नाव काय ठेवावे यावर बराच खल झाला, आणि ज्या बागेत ते खेळत तिचेच नाव अवघ्या एका मताच्या आधिक्याने मंजूर झाले. पुढच्या वर्षी थिसल नावाच्या मंडळाशी त्यांचा सामना ठरला, त्याविषयी क्वीन्स पार्कच्या चिटणिसाने पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. प्रत्येक बाजूने वीस गडी असावेत, दोन तास खेळावे, आणि आमचा चेंडू फुटलाच तर खेळ अडू नये म्हणून कृपा करून आपलाही चेंडू बरोबर आणावा, असा त्यातील मजकूर आहे. खेळाचे नियमसुद्धा पत्रोपत्री ठरवावे लागत, असा तो काळ होता. प्रतिपक्षाला हरविण्याच्या इच्छेइतकीच खेळ सुरळीत पार पाडण्याची काळजी त्या पत्रात दिसते.

आता शैलीचा विचार करू. त्या वेळच्या इंग्लंडात फुटबॉलचा मुख्य डाव म्हणजे चेंडू पायाशी खेळवीत एकट्याने पुढे धावणे हा होता. एकजण चेंडू घेऊन निघे, आणि बाकीचे त्याच्या मागून धावत. त्याचा चेंडू निसटला की मागच्याने तो घ्यावा आणि पुन्हा तशीच धाव मारावी. मोठ्या सरदार घराण्यांतील मुलांच्या शाळांमध्ये हा खेळ वाढला होता. वैयक्तिक धाडस आणि अंगातील रग यांना त्यात फार महत्त्व होते. ग्लासगोच्या या मंडळींजवळ तसे धिप्पाड गडी थोडे होते. त्यांच्याजवळ होती ती एकत्र सरावाची सवय. वर्षानुवर्षे त्यांचा खेळ मुख्यतः आपसांतच चाले, कारण स्कॉटलंडात प्रतिस्पर्धी क्लबच फारसे नव्हते. कोणता सोबती कोठे असेल हे न पाहता कळण्याइतका त्यांचा परिचय झाला. त्यातून चेंडू स्वतःजवळ न ठेवता मोकळ्या सोबत्याकडे देण्याची, म्हणजे आज आपण ज्याला ‘पास’ म्हणतो त्याची, पद्धत वाढीला लागली.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पास देण्याची युक्ती एकट्या क्वीन्स पार्कने शोधली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. इंग्लंडातील शेफील्डचे क्लब आणि रॉयल एंजिनियर्स हा लष्करी संघ यांचाही त्या श्रेयावर हक्क सांगितला जातो. चाहत्यांच्या अभिमानाला ‘पहिले आम्हीच’ हे शब्द फार गोड लागतात. इतिहासकाराला ते तपासून घ्यावे लागतात. मात्र या युक्तीला संपूर्ण संघाची रीत बनविण्यात आणि ती एका देशाची ओळख करून देण्यात क्वीन्स पार्कचा वाटा फार मोठा होता, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

त्याची कसोटी लवकरच लागली. ३० नोव्हेंबर १८७२ या दिवशी, म्हणजे स्कॉटलंडच्या संत अँड्र्यूच्या सणाला, ग्लासगोजवळच्या एका क्रिकेटच्या मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचा जगातील पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना झाला. स्कॉटलंडात त्या वेळी फुटबॉलची मध्यवर्ती संघटनासुद्धा नव्हती. सामन्याची व्यवस्था क्वीन्स पार्कने पाहिली आणि अकराही खेळाडू त्याच क्लबाने दिले. सुमारे चार हजार लोक एकेक शिलिंग देऊन आले. अंगाने सरस असलेल्या इंग्रज संघाला स्कॉटलंडने गोल करू दिला नाही. स्वतःलाही करता आला नाही. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला. पण त्या दिवशी परतणाऱ्या प्रेक्षकाने सांघिक खेळाची जी चव घेतली, तिच्यातून पुढच्या काही वर्षांत स्कॉटलंडभर क्लब निघाले.

पुढील वर्षी स्कॉटिश फुटबॉल संघटना स्थापन झाली, आणि तिच्या चषकाच्या पहिल्या तिन्ही स्पर्धा क्वीन्स पार्कने जिंकल्या. त्या चषकात त्यांचा पहिला पराभव झाला तो १८७६ च्या डिसेंबरात, व्हेल ऑफ लेव्हन या संघाकडून. या नावाशी आपला एक जुना संबंध आहे. लेव्हन नदीच्या खोऱ्यात कापड रंगविण्याचे आणि छापण्याचे मोठे कारखाने होते. तिथले ‘टर्की रेड’ नावाचे गडद लाल कापड, मोर आणि हत्ती यांची चित्रे छापून, मुद्दाम हिंदुस्थानच्या बाजारासाठी पाठविले जाई. आपल्या पणज्यांच्या अंगावर ज्या खोऱ्याचे लाल कापड आले असेल, त्याच खोऱ्यातील कामगारवस्तीतून उभ्या राहिलेल्या संघाने ग्लासगोच्या या मंडळींना प्रथम खाली बसविले. फुटबॉल हा आता केवळ कारकून आणि व्यापारी यांच्या मुलांचा छंद राहिला नव्हता, हे त्या निकालाने दाखविले.

याच ठिकाणी शैली आणि तत्त्व यांच्या वाटा फुटतात. क्वीन्स पार्कचे ब्रीद लॅटिन भाषेत आहे: ‘लुदेरे काउसा लुदेन्दी’. खेळासाठी खेळणे, हा त्याचा अर्थ. त्यांच्या दृष्टीने खेळून पैसे घेणे हे या ब्रीदाच्या विरुद्ध होते. पण इंग्लंडच्या उत्तर भागातील गिरणीगावांत प्रेक्षक तिकीट काढून हजारोंनी सामन्यांना येऊ लागले होते, आणि तिथल्या क्लबांना पास देऊन खेळणारे खेळाडू हवे होते. ते स्कॉटलंडात होते. मग स्कॉटलंडचे तरुण रेल्वेने दक्षिणेकडे जाऊ लागले. काहींना गिरणीत नावाची नोकरी मिळे, काहींच्या हातात गुपचूप पैसे पडत. १८८५ साली इंग्लंडने हे उघडपणे मान्य केले आणि खेळाडूला वेतन देण्याची परवानगी दिली. या स्कॉटिश खेळाडूंना तिकडे ‘प्रोफेसर’ म्हणत, कारण ते खेळ शिकवीत. १८८८-८९ च्या पहिल्याच इंग्लिश लीगमध्ये एकही सामना न हरता अजिंक्य ठरलेल्या प्रेस्टन नॉर्थ एंड संघात त्यांचा भरणा मोठा होता. क्वीन्स पार्क स्वतः १८८४ आणि १८८५ साली इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. दोन्ही वेळा ब्लॅकबर्न रोव्हर्सने त्याला हरविले.

एवढ्यावरच हे थांबले नाही. ग्लासगोत जन्मलेले अलेक्झांडर वॉटसन हटन हे शिक्षक अर्जेंटिनात गेले, आणि तिथल्या फुटबॉलचे जनक म्हणून त्यांची गणना होते. सेल्टिकचे माजी खेळाडू जॉन मॅडन यांनी १९०५ पासून पंचवीस वर्षे प्राग शहरातील स्लाव्हिया क्लबला शिकविले. आपल्याकडे सिमल्याला १८८८ साली ड्युरँड चषकाची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम सामना खेळणाऱ्या दोन्ही पलटणी स्कॉटलंडच्याच होत्या. या सर्वांना क्वीन्स पार्कचे शिष्य म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या वातावरणात ते वाढले ते वातावरण त्या बागेतील तरुणांनी प्रथम निर्माण केले होते. शैलीचे असे असते. ती पेटीत कुलूप लावून ठेवता येत नाही. जो पाहतो तो शिकतो, आणि जो शिकतो तो घेऊन जातो. चाहत्यांनी ‘ही आमची शैली’ असे म्हणेपर्यंत ती पुष्कळदा दुसऱ्याची झालेली असते.

राहिले तत्त्व. १८९० साली स्कॉटलंडात लीग सुरू झाली, तेव्हा क्वीन्स पार्कने तिच्यात जाण्याचे नाकारले. अशा स्पर्धेने खेळाचा धंदा होईल, अशी भीती त्यांना होती. ती खोटी ठरली नाही. १८९३ साली स्कॉटलंडनेही वेतन मान्य केले. त्याच वर्षी क्वीन्स पार्कने सेल्टिकला हरवून दहाव्यांदा स्कॉटिश चषक जिंकला. तो त्यांचा शेवटचा चषक. १९०० साली ते लीगमध्ये आले, पण हौशी म्हणूनच. समोरचे अकरा पगारी आणि आपले अकरा बिनपगारी, अशी ही झुंज पुढे शंभराहून अधिक वर्षे चालली.

या हट्टाचे कौतुक वाटणे साहजिक आहे. आम्हांसही वाटते. पण इतिहासाने केवळ कौतुक करून भागत नाही. खेळासाठी खेळायला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाजवळ असतो? कारकुनाला, व्यापाऱ्याच्या मुलाला शनिवारी दुपारी मैदानावर जाणे परवडे. खाणीत काम करणाऱ्याचा पाय मोडला तर त्याच्या घरची चूल बंद होई. त्याने खेळण्याबद्दल आणि त्यातील जोखमीबद्दल पैसे मागितले, तर त्याचे प्रेम खेळावर कमी होते असे कोण म्हणेल? आपल्याकडे कोल्हापूरला शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, पैलवानांना आश्रय दिला. पैलवानाचा खुराक फुकट येत नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि म्हणून कोल्हापूरच्या कुस्तीला कमी दर्जाची कोणी म्हटले नाही.

याचे एक मार्मिक उदाहरण क्वीन्स पार्कमध्येच आहे. अँड्र्यू वॉटसन हे १८८० साली या क्लबात आले. ब्रिटिश गियानातील डेमेरारा येथे १८५६ साली त्यांचा जन्म झाला. वडील स्कॉटिश मळेवाले आणि आई कृष्णवर्णीय. १२ मार्च १८८१ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर त्यांच्या कर्णधारपदाखाली स्कॉटलंडने इंग्लंडचा सहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. जगातील पहिले कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. रंगाकडे न पाहता क्वीन्स पार्कने त्यांना खेळाडू केले, सामन्यांचे चिटणीसही केले, याचा क्लबाच्या चाहत्यांना रास्त अभिमान आहे. पण वॉटसन यांना हौशी म्हणून खेळणे परवडले ते वडिलांकडून आलेल्या पैशामुळे, आणि त्या घराण्याच्या संपत्तीची मुळे साखरेच्या मळ्यांत, गुलामांच्या श्रमांत होती. एकाच माणसाच्या चरित्रात उदारपणा आणि अन्याय असे शेजारी उभे आहेत. हौसेचे मोल कोठे कोणी भरले होते, ते असे शोधावे लागते.

क्लबाच्या बाबतीत हे मोल भरण्याचा मार्ग आणखी नवलाचा होता. क्वीन्स पार्कने ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हॅम्पडेन पार्क हे आपले तिसरे मैदान उघडले. १९५० मध्ये ब्राझीलमधील माराकाना बांधून होईपर्यंत ते जगातील सर्वांत मोठे फुटबॉल मैदान होते. १९३७ साली स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याला तेथे जवळजवळ दीड लाख लोक आले. देशाचे सामने आणि चषकाचे अंतिम सामने तेथेच होत, आणि मैदानाचा मालक म्हणून क्वीन्स पार्कला त्याचे उत्पन्न मिळे. म्हणजे पगारी खेळाडूंना पाहायला लोटलेल्या गर्दीच्या पैशावर हौशी क्लबाचा संसार चालत होता! यात लबाडी काही नव्हती. सगळा व्यवहार उघड होता. पण तत्त्वाला टेकू कशाचा होता, हे यावरून दिसते.

त्या अफाट मैदानावर क्वीन्स पार्कचे स्वतःचे सामने मात्र वेगळे दिसत. १९५८ साली संघ वरच्या वर्गातून खाली उतरला, आणि पुन्हा कधी वर गेला नाही. पुढे पन्नास हजारांहून अधिक आसनांच्या त्या वास्तूत कित्येकदा हजारही माणसे नसत. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा गणवेश पाहायला, जिंकण्याची फारशी आशा नसताना, दर पंधरवड्याला येणारी ही माणसे कोणत्या गोष्टीसाठी येत होती? आमच्या मते त्यांचा अभिमान शैलीत नव्हता. शैली तर केव्हाच सर्वांची झाली होती. आपला संघ हरला तरी समोरचा गडी पैशासाठी धावलेला नाही, ही एकच गोष्ट केवळ त्यांची होती.

या मैदानावर मोठी माणसे घडली, पण थांबली नाहीत. १९४५ साली वयाच्या चौदाव्या वर्षी येथे खेळलेला गोलरक्षक रॉनी सिम्पसन १९६७ मध्ये युरोपचा चषक जिंकणाऱ्या सेल्टिकमध्ये होता. कारखान्यात उमेदवारी करणारा अॅलेक्स फर्ग्युसन १९५८ साली या क्लबाकडून प्रथम मैदानावर उतरला. पुढे मँचेस्टर युनायटेडचा प्रशिक्षक म्हणून तो जगप्रसिद्ध झाला. अँडी रॉबर्टसनला सेल्टिकने लहानपणी वगळले होते. २०१२-१३ च्या हंगामात तो क्वीन्स पार्ककडून खेळला, आणि २०१९ च्या जूनमध्ये लिव्हरपूलबरोबर युरोपचा अजिंक्य ठरला. हौशी खेळाडू कराराने बांधलेला नसल्यामुळे त्याला अडविता येत नसे, आणि त्याला घडविल्याचे मोलही मागता येत नसे. मुलांना शिकवावे, त्यांनी निघून जावे, आणि आपण पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा, असे हे चक्र होते.

२०१८ साली हॅम्पडेन पन्नास लाख पौंडांना स्कॉटिश फुटबॉल संघटनेला विकण्याचे ठरले. मैदानाचा टेकू गेला, तेव्हा तत्त्वाचा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नाही. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सभासदांची सभा भरली. हौशीपणाचा नियम बदलण्यासाठी चारांपैकी तीन मते अनुकूल लागणार होती. प्रत्यक्षात शंभरांतील एक्क्याण्णव मते बदलाच्या बाजूने पडली. एका मताने ज्याचे नाव ठरले होते, त्या क्लबाचे दीडशे वर्षांचे व्रत अशा प्रचंड बहुमताने संपले. त्यानंतर संघ भराभर दोन वर्ग वर चढला, आणि ९ फेब्रुवारी २०२५ रोजी स्कॉटिश चषकात बलाढ्य रेंजर्सला त्यांच्याच मैदानावर एका गोलने हरवून त्याने साऱ्या देशाला चकित केले.

मग त्या रात्री सभासदांनी तत्त्व विकले काय? या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांस घाई करवत नाही. काही तरी गेले, हे खरेच. जगात एक क्लब असा होता की जो वरच्या दर्जाच्या लीगमध्ये राहून वेतन न देता खेळत होता. तो आता नाही. ज्या नऊ टक्क्यांनी विरोधी मत दिले त्यांना आम्ही वेडे म्हणणार नाही. पण बहुमताचेही ऐकले पाहिजे. आपण घडविलेल्या मुलाला त्याच्या श्रमाचा मोबदला न देणे, आणि तो गेला की हळहळणे, याला किती काळ खेळाचे प्रेम म्हणावे? खाणकामगाराने १८८० साली विचारलेला प्रश्न त्यांनी २०१९ साली स्वतःला विचारला, एवढेच.

आम्हांस या इतिहासातून एक गोष्ट शिकण्यासारखी वाटते. अभिमान खरा की पोकळ, हे तत्त्व किती जुने आहे यावरून ठरत नाही. त्याची किंमत कोण भरतो हे अभिमान बाळगणाऱ्याला माहीत आहे का, आणि ती चालू ठेवायची की नाही हे ठरविताना त्याने स्वतः हात वर केला का, यावरून ते ठरते. मोठमोठ्या क्लबांच्या भिंतींवर आज तत्त्वांची वचने सोनेरी अक्षरांत लिहिलेली असतात, आणि निर्णय मात्र दूर देशी बसलेला मालक करतो. क्वीन्स पार्कचे व्रत त्यांच्याच माणसांनी धरले, त्यांनीच त्याचे हाल सोसले, आणि त्यांनीच ते सोडले.

आपल्या गावच्या तालमी, हौशी नाटकमंडळी, ग्रंथालये, आणि ही आपली वसंत व्याख्यानमालासुद्धा अशाच हौसेवर चालते. कोणी सतरंज्या उचलतो, कोणी वर्गणी फिरवितो, कोणी रात्री दिवे मालवून शेवटी घरी जातो. त्यांचाही अभिमान आपण बाळगतो. तेव्हा ‘हौसेला मोल नाही’ असे म्हणण्यापूर्वी ते मोल या वर्षी कोणी भरले, एवढे एकदा विचारून घ्यावे.